जुन्या स्प्रिंग एअर रायफलचे ट्यूनिंग : जोर हवा की सौम्यपणा?

जर्मनीतील रास्टाट येथे बनलेल्या डायना २७ आणि डायना ३५ या एअर रायफली, तसेच ३५च्या धर्तीवर भारतात तयार झालेल्या रायफली, आजही पुष्कळ घरांत कपाटावर पडून असतात. अशी रायफल हाती आली की अधिक कडक स्प्रिंग घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण जुन्या रायफलचा गेलेला जोर बहुधा स्प्रिंगमुळे नव्हे, तर हवेच्या गळतीमुळे गेलेला असतो. गळती थांबवल्यावर जोर आणि सौम्यपणा दोन्ही सुधारतात. या दोहोंतून एकाची निवड करण्याचा प्रश्न त्यानंतरच येतो.

चाप ओढल्यावर स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, त्याच्यापुढची हवा क्षणार्धात दाबली जाते आणि बारीक छिद्रातून छऱ्यामागे जाते. दट्ट्या पुढे निघताना रायफल मागे सरते आणि तो थांबताना पुढे खेचली जाते. हाच तो दुहेरी धक्का, ज्याने साध्या दुर्बिणी निकामी होतात.

काम सुरू करण्यापूर्वी क्रोनोग्राफवर, म्हणजे छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, एकाच प्रकारच्या छऱ्यांचे १० बार मोजावेत. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने जात असेल, तर ऊर्जा साधारण ७.२ जूल भरते. सरासरीपेक्षाही सर्वांत जलद आणि सर्वांत मंद बारातील फरक अधिक बोलका असतो, कारण मोठा फरक हे बहुधा गळतीचे लक्षण असते. रायफल सुरक्षित दिशेला रोखून नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवावी आणि छर्रा भरून बार काढावा; पट्टी उडाली तर सांध्याचा वॉशर बदलावा. रिकामा बार कधीही काढू नये, कारण छऱ्याचा अडसर नसल्याने दट्ट्या सिलिंडरच्या टोकावर आदळतो.

रायफल उघडण्यापूर्वी ती रिकामी असल्याची आणि कॉक केलेली (बारासाठी स्प्रिंग ताणून अडकवलेली) नसल्याची खात्री करावी. स्प्रिंग तेव्हाही दाबाखाली असतेच. म्हणून स्प्रिंग कंप्रेसरमध्ये (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या शिकंज्यात) आवळूनच पिना काढाव्यात, केवळ हाताच्या जोरावर विसंबू नये. बॉल ट्रिगर (दट्ट्याला पोलादी गोळ्यांनी अडवून धरणारा चाप) असलेल्या डायनात तीन पोलादी गोळ्या सुटून टेबलाखाली जातात, त्यामुळे खाली ताट ठेवावे. जुळणी करताना त्याच गोळ्या घट्ट ग्रीसने जागेवर चिकटवून ठेवता येतात.

दट्ट्यावरचा चामडी वॉशर सुकून कडक झाला असेल, पण फाटला नसेल, तर तो नीट्सफूट तेलात (चामडे मऊ करणाऱ्या, गुरांच्या पायांपासून काढलेल्या तेलात) रात्रभर भिजवावा आणि वरचे तेल पुसूनच बसवावा. दट्ट्यापुढे खनिज तेल अजिबात घालू नये. दाबाने तापलेल्या हवेत ते पेटते, धूर आणि मोठा आवाज येतो, वेग तात्पुरता वाढतो आणि वॉशर व स्प्रिंग दोन्ही खराब होतात. या वाढलेल्या वेगावर खूश होणारे बरेच भेटतात.

स्प्रिंग सपाट काचेवर गडगडवून पाहावी. ती डगमगत असेल तर वाकली आहे. सौम्यपणाचे खरे काम मात्र स्प्रिंगच्या मार्गदर्शक दांड्यात आहे. दांडा स्प्रिंगच्या आत सैल असेल, तर बारानंतर जी झणझण गालाला जाणवते ती तिथूनच येते. लेथवाल्याकडून डेलरिन या टणक प्लास्टिकचा असा दांडा करून घ्यावा, की स्प्रिंग त्यावर हाताने थोडा जोर लावूनच चढेल. स्प्रिंगची टोके सपाट घासून गुळगुळीत करावीत आणि एका टोकाला पॉलिश केलेली पातळ पोलादी चकती ठेवावी, म्हणजे दाबताना पीळ घेणारी स्प्रिंग अडखळत नाही. दट्ट्याच्या मागच्या भागाला मोलिब्डेनम ग्रीसचा पातळ थर पुरेसा असतो. घट्ट डॅम्पिंग ग्रीस झणझण मारते, पण वेगही खाते.

एवढे झाल्यावरही जोर कमी वाटला, तर मूळ मापाची नवी स्प्रिंग घालावी. त्याहून कडक स्प्रिंगमुळे दट्ट्या हवेच्या गादीवरून जास्त उसळतो, कॉकिंग जड होते आणि एका मर्यादेनंतर वेग वाढत नाही, कारण सिलिंडरचे आकारमान आणि हवेचे छिद्र तेवढेच राहते. माझा कल स्पष्टपणे सौम्यपणाकडे आहे: १० मीटरवरच्या कागदी लक्ष्यासाठी ७ जूल पुष्कळ झाले.

कायद्याचे भानही हवे. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० जूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाच्या एअर रायफलला परवाना लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही ऊर्जामर्यादा १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६.३ जूल आहे.

जुळणीनंतर पुन्हा १० बार मोजावेत. नवा वॉशर बसेपर्यंत आकडे थोडे हलतात, म्हणून काही डझन छरे झाडल्यावरच निष्कर्ष काढावा आणि त्याच वेळी दस्त्याचे स्क्रू पुन्हा आवळावेत, कारण ते सैल झाले की नेम सरकतो आणि दोष उगाच स्प्रिंगला दिला जातो.