हातात धरून व्हिडिओ काढायचाय? जिंबल सगळ्यात शेवटी घ्या

जिंबल (मोटरच्या जोरावर कॅमेरा सरळ धरून ठेवणारी मूठ) कोणता घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, तू उभा राहून शूट करणार का चालता चालता? कारण उभं असताना हात थरथरतो ते वेगळं आणि चालताना पावलागणिक कॅमेरा वरखाली होतो ते वेगळं, दोन्हीला एकच औषध नाहीये.

थरथरीला कॅमेऱ्यातलं नाहीतर लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हलणं सावरून घेणारी सोय, पुरतं. लेन्समध्ये असतं ते ओआयएस, सोनीवाले त्याला ओएसएस म्हणतात आणि निकॉनवाले व्हीआर. सेन्सरच हलून सावरतो ते आयबिस. 50 एमएम प्राइम (झूम न होणारी) किंवा जुन्या मॅन्युअल लेन्स लावणार असाल तर आयबिसवाली बॉडीच बघा, कारण अशा बहुतेक लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नसतंच. सोनी झेडव्ही-ई10 आणि कॅनन आर50 मध्ये आयबिस नाहीये, सोनी ए6700, कॅनन आर7, फुजी एक्स-एस20 मध्ये आहे, किमतीत जो फरक दिसतो त्यातला काही याचाच असतो. फक्त एक लक्षात ठेवा, खूप वाइड लेन्स लावून चालत शूट केलं की आयबिसमध्ये फ्रेमचे कोपरे जेलीसारखे डुलतात.

आता ते 'ॲक्टिव्ह' किंवा डिजिटल स्टॅबिलायझेशन, ज्याला ईआयएस म्हणतात. यात फ्रेम कडेनं कापून उरलेला भाग इकडेतिकडे सरकवतात, म्हणजे व्ह्यू अरुंद होतो, हात लांब करून स्वतःचाच व्हिडिओ काढत असाल तर नुसता चेहराच भरतो फ्रेममध्ये. पण खरी गोची अंधारात होते. संध्याकाळी शटर 1/50 वर असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं राहतं, तेवढ्या वेळात हात हलला की फ्रेममध्येच ब्लर उमटतो, ईआयएस फ्रेम जागेवर आणतं पण तो ब्लर कसा काढणार? मग चित्र स्थिर असूनही मधेच पुसट, मधेच स्पष्ट असं धडधडतं. म्हणून उजेड असेल तर ईआयएससोबत शटर 1/100 किंवा 1/200 ठेवा, आणि दिव्यांखाली असाल तर 1/50 नाहीतर 1/100 च, आपली वीज 50 हर्ट्झची आहे, दुसरं काही ठेवलं तर ट्यूबलाइट फ्लिकर मारते.

सपोर्टमध्ये सगळ्यात आधी बॅगेतला पट्टा बाहेर काढा, खरंच. पट्टा गळ्यात घालायचा, कॅमेरा पुढे ढकलून तो ताठ ताणायचा, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवायची. दोन हात आणि मान असे तीन आधार मिळतात आणि 35 एमएमपर्यंतच्या लेन्सनं शॉट मस्त येतो. चालायचं असेल तर गुडघे थोडे वाकवून, आधी टाच मग हळूच चवडा.

मग मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाचा स्टँड. वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढते तेव्हा गर्दीत ट्रायपॉड उघडायला जागाच नसते आणि पाऊस कधी येईल सांगता येत नाही, तिथे मी जिंबल नेतच नाही, मोनोपॉड माझ्या एका पायाला टेकवून उभा राहतो. रिंगणात अश्व धावतो तेव्हा त्याच्यासोबत पॅन करायला, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवायला, वर फ्लुइड हेड (झटके न देता वळणारं डोकं) असलं की झालं. पॅन करताना मात्र स्टॅबिलायझेशनमध्ये पॅनिंग मोड असेल तर तो लावा, नाहीतर सरळ बंद करा, कारण ते आधी तुमचं वळणं अडवून धरतं आणि मग एकदम सोडतं, अश्व फ्रेमबाहेर जातो.

जिंबल पॅन, टिल्ट (वर-खाली झुकणं), रोल (बाजूला कलणं) सांभाळतो, पावलांचं वरखाली नाही, ते तुमच्या गुडघ्यांनीच सांभाळायचं. डीजेआय आरएस 3 मिनी साधारण 800 ग्रॅमचा, त्यावर 700 ग्रॅमचा कॅमेरा, म्हणजे दीड किलो हात पुढे करून धरायचं, आणि लेन्स बदलली की पुन्हा बॅलन्स करत बसायचं. लग्नात नवरा-नवरीच्या मागे मागे चालत लांब शॉट घ्यायचे असतील तर जरूर घ्या. एकट्यानं फिरत व्लॉग करायचा असेल तर त्यापेक्षा ऑस्मो पॉकेट 3 हा छोटा कॅमेरा बरा, जिंबल आतच आहे आणि वजन फक्त 179 ग्रॅम.

दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. झूम 50 एमएमवर ठेवून दहा सेकंद उभ्यानं, मग वाइडवर दहा पावलं चालत, मग तेच ॲक्टिव्ह मोड लावून रेकॉर्ड करा, आणि घरी टीव्हीवर लावून फ्रेमचे कोपरे बघा.