आधी रिकामं मशीन, मग प्लाझ्मा: या चुका टाळा

सोलापुरातल्या एका कॉलेजात आमचं छोटं प्लाझ्मा यंत्र आहे. प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू. वीस लिटरचं स्टीलचं चेंबर, हवा काढून टाकणारे रोटरी आणि टर्बो पंप, बाहेरून चुंबकीय कॉइल. इथे हात बसला की पोरं गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत प्रोजेक्टसाठी अर्ज करतात. तिथला 'आदित्य' हा देशात बांधलेला पहिला टोकामॅक (चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कड्याच्या आकारात धरून ठेवणारं यंत्र), १९८९ पासूनचा, मोठी त्रिज्या ७५ सेंटिमीटर. दोन्ही यंत्रांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण नवखे चुकतात ते एकाच जागी. रिकामं, म्हणजे गॅस न भरलेलं, मशीन कसं वागतं ते न बघताच त्यांना प्लाझ्मा पेटवायचा असतो.

पहिली चूक व्हॅक्यूमची. मे महिना होता. एका विद्यार्थ्याने प्रोब (आतलं मोजमाप घेणारी सळई) बदलायला फ्लँज, म्हणजे चेंबरचं झाकण, उघडली, तिची ओ-रिंग (हवाबंद करणारं रबरी कडं) आपल्या सोलापुरी टॉवेलने पुसली आणि बंद केली. दाब ०.०००१ मिलीबारवर येऊन अडला. आम्हाला त्याच्या दहापट खाली जायचं होतं. तो म्हणाला, "सर, भिंतींना पाणी धरलंय, तापवलं की उतरेल." रात्रभर हीटिंग टेप गुंडाळून चेंबर तापवलं. सकाळी काटा तिथेच.

मी पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद केला आणि दर मिनिटाला गेज वाचायला सांगितलं. ०.०२, ०.०४, ०.०६, ०.०८. दर मिनिटाला तेवढीच वाढ. भिंतींतून पाणी सुटत असेल तर दाब आधी भरभर चढतो, मग मंदावतो. असा सरळ रेषेत चढला तर गळती, दुसरं काही नाही. फ्लँज उघडली, तर ओ-रिंगवर आडवा पडलेला टॉवेलचा एक धागा, केसाएवढा. तो मी चिकटपट्टीने वहीत लावून ठेवलाय. दहा मिनिटांची तपासणी आधी न केल्याने एक रात्र गेली.

तेव्हापासून चेंबरजवळ टॉवेल नाही. हातमोजे, धागे न सुटणारे वाइप्स, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि बंद करण्याआधी ओ-रिंग टॉर्चच्या उजेडात गोल फिरवून बघायची. "एवढ्याने काय होतंय" हे मला ऐकवत नाही. टोकामॅकमध्ये हायड्रोजनच साधारण ०.०००१ मिलीबारच्या आसपास भरतात. तेवढीच हवा आत उरली असेल तर तुम्ही हायड्रोजनचा प्लाझ्मा करतच नाही. ऑक्सिजनसारखी अशुद्धी प्रकाशातून ऊर्जा बाहेर टाकते, प्लाझ्मा थंड पडतो, प्रवाह चढतच नाही. मग पोरं कॉइलचा व्होल्टेज वाढवत बसतात.

दुसरी चूक सिग्नलची. चुंबकीय प्रोबवर सुरेख उंचवटा दिसला की सगळे खूश. अरे, गॅस बंद करून तोच शॉट (कॉइलला दिलेला प्रवाहाचा एक झटका) घ्या! बहुतेक वेळा उंचवटा तसाच येतो, कारण तो कॉइलच्या प्रवाहाचा असतो, प्लाझ्माचा नव्हे. टोकामॅकवरही असा बिनगॅसचा शॉट आधी घेतात आणि त्याचा सिग्नल खऱ्या शॉटमधून वजा करतात. मी रोज सकाळी तीन रिकामे शॉट घेतल्याशिवाय गॅसच्या सिलिंडरला हात लावू देत नाही. वेळ जातो म्हणून कुरकुर होते, होऊ दे.

केबलचं शील्ड, म्हणजे बाहेरची धातूची जाळी, दोन्ही टोकांना अर्थ करू (जमिनीला जोडू) नका. त्याने बंद फेरा तयार होतो आणि कॉइल पल्स झाली की त्यातच व्होल्टेज उठतो. सगळे अर्थ एकाच पट्टीवर आणा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, दाब किंवा प्रवाह.

शॉटचा नंबर, दाब, व्होल्टेज लगेच वहीत लिहा. "नंतर लिहितो" म्हटलेलं कुणीही लिहिलेलं मी पाहिलं नाही.

कपॅसिटर बँकेजवळ (कॉइलसाठी वीज साठवणारा संच) जाण्याआधी साठलेली वीज जमिनीत सोडणारा अर्थिंग रॉड लावा, आणि काम संपेपर्यंत तो लावलेलाच ठेवा. मीटर शून्य दाखवतोय म्हणून हात घालणाऱ्याला मी त्या दिवशी घरी पाठवतो.

आणि एक खास आपल्याकडचं. उन्हाळ्यात इथली काळी माती वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, आणि मार्चपर्यंत स्वच्छ असलेल्या सिग्नलवर गुरगुर दिसू लागते. पोरं ऑसिलोस्कोप बदलायला निघतात. आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, अर्ध्या तासाने पुन्हा रिकामा शॉट घ्या.