कॉलेज अर्जाच्या निबंधाचा विषय निवडताय? या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की माझ्या टेबलावर महापूर येतो. पंचगंगा पात्रात असली तरी येतो. बारावीतली, बाहेरच्या देशात अर्ज करायला निघालेली पोरं पहिला मसुदा घेऊन येतात आणि त्यातल्या निम्म्यांची सुरुवात '2019 चा तो भयाण दिवस मी कधीच विसरणार नाही' अशी असते. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत इंग्रजी शिकवतो. गेली काही वर्षं हे मसुदे वाचणं हेही माझं पावसाळ्यातलं कामच झालंय. विषय खोटा नसतो. पाणी खरंच घरात शिरलेलं असतं. तरीही चौथ्या ओळीपर्यंत मला कळत नाही की हे लिहिणारी पोरगी आंबेवाडीची आहे की शिरोळची की सांगलीची.

दोष पोरांचा नाही. सीईटी, जेईई, नीट यांच्या रांगेत आपल्याकडे कुणी निबंध मागत नाही. त्यामुळे निबंध म्हटलं की हात आपोआप दहावीच्या वहीकडे जातो. 'पूरग्रस्ताचे मनोगत', 'नदी बोलू लागली तर'. त्या निबंधात सुविचाराने सुरुवात करायची, मधे दोन म्हणी पेरायच्या, शेवटी संकल्प सोडायचा, की मार्क मिळतात. तिथे विषय बाईंनी दिलेला असतो आणि वर्गातल्या साठ जणांनी तो सारखाच लिहिला तरी चालतो. इथे नेमकं उलटं आहे. विषय तुमचा तुम्हीच शोधायचा असतो आणि तो दुसऱ्या कुणाला लिहिता आला, तर तो तुमचा विषय नव्हेच.

आधी कुणी काय विचारलंय ते वाचा

ही चूक सर्वांत सोपी, म्हणून पटकन उरकतो. अमेरिकेतली बरीच कॉलेजं एकाच सामाईक ऑनलाइन व्यवस्थेतून, म्हणजे कॉमन अ‍ॅपमधून अर्ज घेतात. तिथे 250 ते 650 शब्दांचा एक वैयक्तिक निबंध असतो, सात प्रश्नांपैकी एक निवडायचा, आणि सातवा प्रश्न 'तुमच्या आवडीचा विषय' हाच. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज वेगळा. त्यात आठांपैकी चार प्रश्न निवडून प्रत्येकाला जास्तीत जास्त 350 शब्दांत उत्तर द्यायचं. ब्रिटनसाठी यूकास, तिथल्या विद्यापीठांची सामाईक अर्जव्यवस्था. तिथे 2026 च्या प्रवेशापासून सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आलेत, सगळे मिळून 4000 अक्षरं, आणि भर तुम्हाला तो विषय का शिकायचाय यावर. आजीच्या भाकरीवरचा सुंदर निबंध केमिकल इंजिनिअरिंगच्या यूकास अर्जात चिकटवला, तर वाचणारा गोंधळेल. एकच मसुदा तिन्हीकडे फिरवणारे दरवर्षी भेटतात. त्यांचं गणित वेळ वाचवण्याचं असतं, पण शेवटी वेळ जास्तच जातो.

पूर लिहायचा की नाही?

लिहा की. पण पुराबद्दल लिहू नका.

चिखलीकडची एक मुलगी आली होती. मसुद्यात पाण्याचं तांडव होतं, माणुसकीचं दर्शन होतं, 'अनमोल धडा' होता. मी वही बंद केली आणि म्हटलं, "बाळ, घर सोडताना हातात काय होतं तुझ्या?"

ती म्हणाली, "कुकर."

"कुकर कशाला?"

"सर, त्यात कागद होते. सातबारा, रेशन कार्ड, पप्पांचं बँकेचं पुस्तक. कुकरला रबर असतंय नव्हं, पाणी जात नाही आत. मम्मी ओरडत होती भात कशात लावू म्हणून."

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. त्या वर्षी माळ्यावर काय चढवायचं याची यादी तिनेच केली होती आणि तिच्या स्पर्धांच्या ट्रॉफ्या पहिल्या नंबरावर होत्या. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा यादी नवी. वर आजीच्या बीपीच्या गोळ्या, मग म्हशीचं दावं सोडायला विळा, मग कुकर. ट्रॉफ्या यादीतच नाहीत. आता दरवर्षी जूनमध्ये ती यादी फ्रिजवर लागते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याला आली की घरात पुन्हा कुकरवरून भांडण. 43 फूट ही धोक्याची पातळी, तोवर थांबायचं नाही हा तिचा नियम.

हा विषय. पूर नव्हे, यादी. यादीत काय वर गेलं आणि काय गळलं एवढं दाखवलं की मुलगी कशी बदलली हे सांगायला 'धडा' शब्द लागत नाही. तिच्या आधीच्या मसुद्यात एकही ओळ खोटी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. फक्त ती कुणाचीही होती.

मोठ्या माणसाच्या मागे लपणं

कोल्हापूरचा पोरगा आहे म्हटल्यावर शाहू महाराज येणारच. 26 जुलै 1902 चा 50 टक्के आरक्षणाचा हुकूम, 1917 चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, वसतिगृहं, खासबागेचं कुस्ती मैदान. सगळं खरं, अभिमानाचं. पण निबंध वाचून झाल्यावर अमेरिकेतल्या त्या माणसाला महाराजांना प्रवेश द्यावासा वाटेल, तुम्हाला नाही. आजोबांचा संघर्ष, वडिलांचे कष्ट, आईचा त्याग, यांचंही तसंच होतं. आपल्या घरात मोठ्यांबद्दल बोलणं सभ्यपणाचं आणि स्वतःबद्दल बोलणं आगाऊपणाचं समजतात, त्यातून हे येतं. त्या काळातल्या एखाद्या बोर्डिंगात तुम्ही स्वतः राहात असाल आणि मेसच्या हिशोबावरून तुमचं सेक्रेटरीशी वाजलं असेल, तर ते लिहा. महाराज एका वाक्यात येतील आणि नीट येतील.

फुटबॉलचंही सांगून टाकतो. शाहू स्टेडियमवरची फायनल, शेवटच्या मिनिटाला गोल, पेठेत मिरवणूक. जगातल्या प्रत्येक गावात शेवटच्या मिनिटाला गोल होतो. राखीव खेळाडू म्हणून अख्खा सीझन बाकावर बसून तुम्ही काय पाहिलंत, ते मी वाचेन.

यादीत असलेलंच पुन्हा

कॉमन अ‍ॅपमध्ये उपक्रमांसाठी दहा जागा असतात, प्रत्येकी 150 अक्षरांचं वर्णन. ऑलिम्पियाड, एनसीसी, रोबोटिक्स हे तिथे बसतं. निबंधात तेच फुगवून लिहिलं तर 650 शब्द वाया.

करवीर तालुक्यातल्या एका पोराने हेच केलं होतं. घरचं गुऱ्हाळ, पण निबंध रोबोटिक्सवर. गुऱ्हाळाचं काय, विचारलं तर म्हणाला, "सर, ते काय सांगायचं, गावाकडचं." मग बोलता बोलता निघालं की त्याने गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराला, चुकीचं ठरवायला थर्मामीटर विकत आणला होता. गुळव्या काहिलीतला पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो, आपटून आवाज ऐकतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो. पोराने वाचलेलं होतं की 118 अंशांच्या आसपास काम होतं. पहिले दोन दिवस आकडा आणि गोळी जुळली. तिसऱ्या दिवशी आकडा तोच, गुळव्या नाही म्हणाला, पोराने हट्टाने वाफ्यात ओतायला लावलं. गूळ बसलाच नाही. हलव्यासारखा राहिला. त्या दिवशीचा ऊस तोडून चार दिवस झाले होते. शिळ्या उसात साखरेचं विघटन होऊन ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं, मग दाणा धरत नाही. थर्मामीटर बरोबरच होता, पण रस कसला आहे हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या हंगामात पोराच्या वहीत एक रकाना वाढला: ऊस कधी तोडला.

रोबोटिक्स दहाच्या यादीत गेलं. गुऱ्हाळ निबंधात आलं. आणि गुळव्याचं एक वाक्यही आलं, जे इथे छापता येणार नाही.

गाव विकायला काढू नका

याच्या उलट टोकाची चूकही होते. परदेशी माणसाला आवडेल म्हणून चप्पल, मिसळ, कुस्ती, अंबाबाई, तांबडा-पांढरा, सगळं एका परिच्छेदात. हे पर्यटन खात्याचं पत्रक झालं. जी वस्तू तुमच्या हातात होती तेवढीच ठेवा. ती काय असते हे अर्ध्या वाक्यात सांगा, म्हणजे वाचणारा अडणार नाही. काहील म्हणजे पुरुषभर रुंद लोखंडी कढई, एवढं पुरे.

दुःखाबद्दलही विचारतात: "सर, माझ्या आयुष्यात तसं काही झालेलंच नाही, मग काय लिहू?" हा प्रश्न ऐकला की मला रागच येतो, पोरांचा नव्हे, ज्यांनी हे डोक्यात भरवलं त्यांचा. जखम ही अट नाही. आणि जखम आहे, पण अजून बोलताना गळा दाटतो, तर यंदा ती राहू द्या. दुसरा विषय मिळेल.

अडकलात तर

विषय ठरला की मी पोरांना दहा नामं लिहायला सांगतो, निबंधात येणारी. जिद्द, प्रेरणा, संघर्ष, स्वप्न, नेतृत्व अशी यादी आली तर विषय अजून मिळालेला नाही. कुकर, रबर, दावं, फ्रिज, गोळ्या अशी आली तर लिहायला बसा.

मसुदा 300 शब्दांतच संपला, तर बहुतेक वेळा घटना आहे पण तुम्ही त्यात काही ठरवलेलं नाही. तुमच्या निर्णयाची जागा शोधा, चुकीचा निर्णय असेल तर फारच उत्तम. 1100 च्या पुढे गेला, तर त्यात दोन निबंध आहेत. कापत बसू नका, एक निवडा. शेवट जमत नसेल तर शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. बहुतेकदा निबंध आधीच संपलेला असतो आणि खाली दहावीच्या वहीतला संकल्प उरलेला असतो.

विषय इंग्रजीत शोधू नका, हे माझं सगळ्यात आवडतं भांडण. इंग्रजीत विचार सुरू केला की मुलाखतीची भाषा येते. तोंडाने 'सर, तो गुळव्या लई खडूस हुता' म्हणणारा पोरगा कागदावर 'अनुभवी कारागीर' लिहितो. मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवा, मराठीत, पाच मिनिटांची. मग ती ऐकून इंग्रजीत लिहा. एआयकडून लिहून घेण्याचा मोह झाला तर कॉमन अ‍ॅपचे नियम वाचा. एआयने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं ही तिथे फसवणूक धरतात. शिवाय त्याला कुकर सुचत नाही.

वेळेचं गणित: कॉमन अ‍ॅपचा अर्ज 1 ऑगस्टला उघडतो, लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबर. मधे गणपती, सहामाही आणि कधी दिवाळीसुद्धा. ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि वैद्यकीयसाठी यूकासची मुदत 15 ऑक्टोबर. विषय ऑगस्टातच पक्का झालेला बरा.

घरच्यांना दाखवायचा का? दाखवा, पण विषय छोटा वाटतो या तक्रारीवर बदलू नका. तपशील मात्र तपासून घ्या. कुकरवाल्या मुलीने निबंध आईला मराठीत सांगितला. आई सगळं ऐकून म्हणाली, "तीन लिटरचा कुठला, पाच लिटरचा होता तो. तीनमध्ये सातबारा दुमडला असता." मुलीने तीनचा पाच केला आणि अर्ज पाठवला.