गाडीचे पार्ट बदलताना या चुका टाळा: ‘फौंड्री आपलीच हाय’वर जाऊ नका

कोल्हापुरात पार्ट विकणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. “शिरोलीतनं कंपनीला माल जातोय, त्योच हा. डबा तेवढा साधा हाय.” आपल्याला ते पटतंही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून गाडी कंपन्यांना कास्टिंग जातं हे खरंच आहे, आणि आपल्या ओळखीत कुणी ना कुणी मोल्डिंगला नाहीतर मशीनशॉपला असतोच. त्यामुळं ब्रेक ड्रम हातात घेऊन वजन बघितलं, टिचकी मारून आवाज ऐकला, की माल कळला असं वाटतं.

ही पहिली चूक. ड्रम त्याच साच्यातला असेलही. पण कंपनीला जाणाऱ्या ड्रमचा कडकपणा तपासलेला असतो, रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो ते, मोजलेला असतो. साध्या डब्यातल्या ड्रमचं यातलं काय काय झालं, ते टिचकीला कळत नाही.

ब्रेक पॅडच्या मागचा पत्रा न बघणं

यात मी स्वतः फसलोय. पावसाळ्याच्या तोंडावर बिल न घेता पुढचे पॅड घातले, सातेकशे रुपये वाचले म्हणून खूश. आठवड्यानं रत्नागिरीला निघालो. आंबा घाट उतरताना करपल्याचा वास यायला लागला. पेडल कडक लागायचं, पण गाडी आवरेना. साखरप्यापर्यंत दुसऱ्या गिअरवर आलो आणि अर्धा तास नुसता बसून राहिलो.

परत आल्यावर मिस्त्रीनं चाक काढलं. पॅडचं अस्तर एका कडेनं पत्र्यापासून सुटायला लागलं होतं, डिस्कवर निळे डाग पडले होते. त्यानं पॅड उलटा करून माझ्या हातात दिला. “सायेब, काय लिवलंय बघा.” काहीच लिहिलेलं नव्हतं. ना नाव, ना बॅच नंबर.

चांगल्या पॅडच्या पत्र्यावर बनवणाऱ्याचं नाव, बॅच आणि बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साध्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. घाटात जाणाऱ्यानं दुसरं अक्षर आधी बघावं. अक्षरं म्हणजे काही प्रमाणपत्र नव्हे, पण ज्यानं ती छापायचेही कष्ट घेतले नाहीत त्याच्या भरवशावर मी आता घाट उतरत नाही.

नवे पॅड पहिले दोन-तीनशे किलोमीटर थोडे कुरकुरतात, ते चालतं. स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी डिस्क तपासून घ्या. वास आणि कडक पेडल एकत्र आलं, तर मात्र गाडी तिथंच थांबवा.

‘सर्टिफाइड’ एवढ्याच शब्दावर विसंबणं

कुणी सर्टिफाय केलं, आणि नेमकं काय? डब्यावर ‘आयएसओ ९००१’ छापलेलं असतं. ते कारखान्याच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र. आतला पार्ट कुणी तोडून-तापवून बघितला असा त्याचा अर्थ होत नाही. ऑनलाइन घेताना कधी ‘कापा’चा शिक्का दिसतो. ती १९८७ साली सुरू झालेली अमेरिकन संस्था, तिकडच्या बाजारातले बंपर, फेंडर, लाइट तपासते. आपल्याकडच्या मॉडेलला तो पार्ट बसेल की नाही, याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही.

आपल्याकडं टायर आणि काचेवर आयएसआय मार्क बघा. कारच्या टायरला आयएस १५६३३, काचेला आयएस २५५३. मार्कजवळ ‘सीएम/एल’नं सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स कुणाचं, चालू आहे का, ते दुकानातच उभ्या उभ्या कळतं. दुकानदाराचा चेहराही त्या वेळी बघण्यासारखा असतो.

सगळंच कंपनीचं घेणं, किंवा सगळंच लोकल

विम्यात झिरो डेप (घसारा न कापण्याची सोय) नसेल तर प्लॅस्टिकच्या पार्टवर विमा कंपनी ५० टक्के घसारा कापते. म्हणून बंपर लोकल घ्यायचा मोह होतो, आणि माझ्या मते नुसता बाहेरचा बंपर घ्यायला हरकत नाही. मात्र त्याच्या मागची लोखंडी पट्टी धडक झेलते, ती लोकल नको. बंपर रंग मारायच्या आधी बसवून बघा. क्लिपची भोकं जुळली नाहीत तर रंगवलेला माल कुणी परत घेत नाही. वायपर, केबिन फिल्टर, मडफ्लॅप यांना कंपनीचा डबा कशाला? एअरबॅग मात्र कंपनीचीच.

हेडलाइट भिंतीवर न बघणं

लोकल हेडलाइट दिवसा हुबेहूब दिसतो. संध्याकाळी गाडी भिंतीपासून पंचवीसेक फुटांवर उभी करा, लो बीम लावा. उजेडाची वरची कड स्पष्ट हवी: उजवीकडं सपाट, डावीकडं जराशी चढती. कड फिसकटलेली असेल, किंवा उजवीकडं चढत असेल, तर तो लाइट समोरच्याच्या डोळ्यात जाणार आणि आपल्या बाजूची कड अंधारात राहणार. साखर कारखान्यांच्या सीझनमध्ये त्याच कडेला पंक्चर झालेली, बिनरिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली उभी असते. असा लाइट दुसऱ्याच दिवशी बदलून मागा. बिल घेतलं असेल तर मिळतो.