हिऱ्याची अंगठी घ्यायला निघण्यापूर्वी

भाचीचा साखरपुडा ठरला आणि फोंड्याच्या आमच्या घरात आठवडाभर एकच वाद चालला. तिला अंगठी हवी होती हिऱ्याची, तीही "मामी, एक कॅरटचीच". सोन्याचं आपल्याला अडत नाही. शेटकडे जावं, वजन बघावं, आजचा भाव विचारावा, जुनं मोडून नवं करावं, हे घरातल्या कुणालाही जमतं. हिऱ्याच्या दुकानात मात्र तीच माणसं गप्प बसून मान डोलावतात. त्या अंगठीच्या निमित्ताने मी जे शिकले, ते ज्या क्रमाने उपयोगी पडलं त्याच क्रमाने सांगते.

१. आधी दोन ‘कॅरट’ वेगळे करा

अर्धा गोंधळ या एका शब्दामुळे होतो. सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता. १८ कॅरट म्हणजे चोवीस भागांत अठरा भाग सोनं, दागिन्यावर त्याचा छाप असतो ७५०. हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचे शंभर भाग केले की एक सेंट. दुकानदार "पन्नास सेंटचा" म्हणाला तर तो अर्ध्या कॅरटचा, म्हणजे ०.१ ग्रॅमचा हिरा.

हिऱ्याचे दागिने बहुधा १८ किंवा १४ कॅरट सोन्यात करतात. "बावीसमध्ये का नाही?" असं आमच्या सासूबाईंनी विचारलं. बावीस कॅरटचं सोनं मऊ पडतं, खडा धरून ठेवणारी टोकं झिजतात, वाकतात. कोंदण घट्ट हवं असेल तर शुद्धतेत थोडं खाली यावं लागतं.

२. वजनाच्या गोल आकड्यावर अडून बसू नका

हिऱ्याचा भाव वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. मोठा खडा दुर्मीळ असतो, म्हणून त्याचा कॅरटमागचा दरच चढा असतो. एक कॅरटचा एक हिरा तशाच प्रतीच्या अर्ध्या कॅरटच्या दोन हिऱ्यांपेक्षा बराच महाग पडतो. शिवाय अर्धा कॅरट, एक कॅरट अशा गोल आकड्यांवर दर एकदम उडी मारतो, कारण गिऱ्हाइकाला तोच आकडा हवा असतो.

आता दिसण्याचं बघा. नीट कापलेला गोल हिरा एक कॅरटचा असेल तर वरून साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद दिसतो. अर्ध्या कॅरटचा पाच मिलिमीटरच्या थोडा वर. वजन दुप्पट झालं तरी रुंदी सव्वापट, कारण वजन खालीही वाढतं. नव्वद आणि शंभर सेंटमधला फरक बोटावर ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. किमतीत मात्र तो लगेच कळतो.

३. हिरा घेऊन दाराशी या

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. दुकानातले छोटे प्रखर दिवे मुद्दाम बसवलेले असतात, त्यांच्याखाली काच सुद्धा चमकते. अंगठी घेऊन दाराशी, उजेडात या. थेट उन्हात नको, सावलीत. आमच्या पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ यासाठी उत्तम. त्या सपाट उजेडातही खडा जिवंत वाटला, हात हलवल्यावर काळा-पांढरा लखलखाट सरकत राहिला, तर त्याचा कट, म्हणजे पैलूंची घडण, चांगला. मधोमध खिडकीसारखं आरपार दिसत असेल किंवा काळा डाग बसल्यासारखा वाटत असेल, तर कितीही मोठा असला तरी ठेवून द्या.

याचं कारण हिऱ्याच्या गुणात आहे. हिरा प्रकाशाला फार जोरात वाकवतो. त्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, काचेचा साधारण दीड. त्यामुळे आत शिरलेला किरण खालच्या पैलूवर सुमारे साडेचोवीस अंशांहून जास्त तिरका पडला की बाहेर न जाता आतच परततो. पैलूंचे कोन बरोबर असतील तर असे किरण दोनदा उलटून वरून, आपल्या डोळ्यात येतात. कोन चुकले, खडा फार उथळ किंवा फार खोल कापला, की उजेड खालून किंवा बाजूने गळून जातो. कारागीर कधी कधी वजन वाचवायला मुद्दाम खोल कापतात. मग आपण ज्या वजनाचे पैसे मोजतो ते खड्याच्या पोटात लपतं. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ सुरतेत घासून तयार होतात. तिथल्या घाटणीवर अर्ध्याहून जास्त सौंदर्य ठरतं, आणि गिऱ्हाईक नेमकं त्याबद्दलच विचारत नाही.

माझं मत विचाराल तर पैसे कटवर घाला आणि बाकी सगळ्यात एकेक पायरी खाली या.

४. रंग आणि निर्मळपणा

रंगाची प्रतवारी डी या अक्षरापासून झेडपर्यंत. डी म्हणजे पूर्ण रंगहीन, पुढे हळूहळू पिवळट झाक. ही झाक बहुधा आत अडकलेल्या नायट्रोजनमुळे येते. पिवळ्या सोन्यात जडवायचा असेल तर आय किंवा जे सुद्धा पांढराच दिसतो. प्लॅटिनममध्ये असेल तर जी-एच घ्या. निर्मळपणात व्हीएस२ (अगदी बारीक डागांची प्रत) पुरे, डोळ्यांनी निरखून घेतला तर तिच्या खालची एसआय१ देखील. त्यातले डाग दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातूनच दिसतात, आणि साखरपुड्याला कुणी भिंग घेऊन येत नाही.

एक गंमत: दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली अंगठी धरायला सांगा. काही हिरे निळे उजळतात. तो दोष नव्हे, पण निळेपणा फार जोरकस असेल तर रंगहीन हिऱ्याची किंमत उतरते. तेवढी सूट मागायला हरकत नाही.

५. ‘खरा’ म्हणजे काय, ते ठरवा

कोळशाचा हिरा होतो हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. तसं नाही. बहुतेक हिरे एक ते साडेतीन अब्ज वर्षांचे आहेत आणि कोळसा ज्यांच्यापासून झाला ती झाडं पृथ्वीवर आली त्याच्या कितीतरी नंतर. कोळसा आणि हिरा, दोघांतही कार्बन, एवढंच नातं. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट हे त्याचं आणखी जवळचं भावंड. जमिनीखाली साधारण १५० ते २०० किलोमीटरवर, हजार अंशांच्या आसपास तापमानात आणि प्रचंड दाबाखाली प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी घट्ट बांधला जातो आणि हिरा बनतो. मग किंबरलाइट नावाच्या लाव्ह्याचा उद्रेक त्याला इतक्या झपाट्याने वर आणतो की ग्रॅफाइट व्हायला सवडच मिळत नाही. आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या डोंगरांनी लोखंड भरपूर दिलं, पण तसले उद्रेक इथे नाहीत, म्हणून हिरा नाही. भारतात आज तो निघतो मध्य प्रदेशात पन्ना येथे. गोवळकोंड्याचे म्हणून गाजलेले हिरे कृष्णेच्या खोऱ्यातले. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा पुरवणारा मुख्य देश आपलाच होता आणि त्या व्यापाराची एक मोठी पेठ जुन्या गोव्यात होती.

आता प्रयोगशाळेतला हिरा. १९५० च्या दशकात दाब आणि उष्णता देऊन तो यंत्रात बनू लागला. आता वायूतून थरावर थर चढवूनही बनवतात. तो नकली नाही. तोच कार्बन, तीच रचना, तोच कठीणपणा. दुकानातलं पेनासारखं टेस्टर हिरा उष्णता किती झटकन वाहून नेतो ते बघतं, त्यामुळे ते नैसर्गिक आणि प्रयोगशाळेतल्या हिऱ्यात फरक करू शकत नाही. मॉयसनाइट नावाचा वेगळाच खडाही साध्या टेस्टरला चकवतो. क्युबिक झिरकोनिया, म्हणजे आपण ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतो तो, तेवढा पकडला जातो. हिरा नैसर्गिक की यंत्रात बनवलेला, हे ओळखायला हिरे तपासणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेतली उपकरणंच लागतात.

घालायला सुंदर अंगठी हवी असेल तर प्रयोगशाळेतला घ्या, पैसे पुष्कळ वाचतील. मात्र त्याचे भाव गेल्या काही वर्षांत भराभर उतरले आहेत, पुढे विकून पैसे येतील ही आशा सोडून घ्या. खरं तर नैसर्गिक हिराही विकायला गेलात की घेतल्या भावाला जात नाही. तो सोन्यासारखा मोडीत घालता येत नाही. परत घेण्याच्या अटी दुकानागणिक बदलतात, त्या बिलावर लिहून घ्या. हिरा ‘गुंतवणूक’ म्हणून गळ्यात मारणाऱ्याला मी तरी चहा पिऊन नमस्कार करीन.

घरगुती परीक्षा करत बसू नका. फुंकर मारून वाफ बघणं, पाण्यात टाकणं, काचेवर ओरखडा काढणं, यांतून काही सिद्ध होत नाही. हातोडीची तर नकोच. घणाखाली टिकतो तो खरा हिरा ही समजूत संतवाणीइतकी जुनी आहे आणि रूपक म्हणून छान आहे. पण पणजीत चर्चसमोरच्या उद्यानाला ज्याचं नाव आहे त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की हिरा हातोडीने सहज फुटतो. हिरा विष आहे, हेही त्याने खोडून काढलं. ओरखड्याला हिरा जगात सगळ्यात कठीण. मोह्स यांच्या पट्टीवर दहा. पण त्याच्या स्फटिकात चार दिशा अशा आहेत की त्या रेषेवर घाव बसला तर तो सरळ चिरतो. माझ्या मावशीच्या अंगठीतल्या हिऱ्याचा टवका रगड्यावर वाटप वाटताना आपटून उडाला. "हिरा फुटतो होय?" म्हणून ती आठवडाभर सोनारावर संशय घेत होती, बिचाऱ्यावर.

६. कागद आणि खडा जुळवा

प्रमाणपत्र मागा, जीआयए किंवा आयजीआयसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचं. दुकानाने स्वतःच छापलेलं कार्ड म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. अनेक प्रमाणित हिऱ्यांच्या कडेवर लेझरने क्रमांक कोरलेला असतो. भिंग मागून तो स्वतः वाचा, कागदावरच्या क्रमांकाशी ताडा आणि तोच क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून बघा. हिरा प्रयोगशाळेत बनवलेला असेल तर कागदावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. कुड्यांमधल्या बारीक हिरकण्यांना सुट्टं प्रमाणपत्र मिळत नाही, तिथे एकूण वजन आणि प्रत बिलावर येऊ द्या.

हॉलमार्क मात्र फक्त सोन्याचा. त्याचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. हिऱ्याबद्दल तो काहीही सांगत नाही.

७. बिलात ‘निव्वळ वजन’ बघा

समजा अंगठीचं एकूण वजन ४.२०० ग्रॅम आणि हिरे पन्नास सेंट. पन्नास सेंट म्हणजे ०.१०० ग्रॅम. सोन्याचे पैसे ४.१०० ग्रॅमचेच द्यायचे. सोन्याचा भाव ग्रॅमला दहा हजार धरला तर हजार रुपयांचा फरक, आणि खडा अमेरिकन डायमंड असेल तर आणखी जास्त, कारण तो त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड असतो. भाव १८ कॅरटचाच लावलाय ना, तेही बघा. आम्हाला दिलेल्या पहिल्या अंदाजपत्रकात हिऱ्याचे पैसे वेगळे होतेच, वर तो सोन्याच्या वजनातही मोजला होता. "शेट, खडा वजा केला का?" एवढं विचारल्यावर कागद बदलला. सोनं, हिरा, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी या चार ओळी वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत.

८. घरी आणल्यावर

हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत चरबी फासलेल्या टेबलावरून खडी वाहू देत. हिरे चिकटून राहायचे, बाकी दगड वाहून जायचे. मग खोबरेल तेल लावलेल्या, मासे तळलेल्या हाताचं काय होत असेल? खडा मंद दिसू लागला की कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, अंगठी थोडा वेळ भिजवा आणि मऊ ब्रशने मागची बाजू घासा. मळ मागेच बसतो. बेसिनचं बूच आधी लावा.

अंगठी वेगळ्या कापडात ठेवा, नाहीतर हिरा शेजारच्या दागिन्यांवर ओरखडे काढील. मिरामारला किंवा कोलव्याला पाण्यात उतरताना घालू नका. सनस्क्रीन लावलेल्या ओल्या बोटातून ती लाटेबरोबर कधी निघून जाते कळतही नाही. अंगठी झाळायला द्यायची असेल तर हिऱ्याचं काय करणार ते सोनाराला आधी विचारा. हिरा शेवटी कार्बन आहे, ज्योतीत त्याचा पृष्ठभाग जळून धुरकट होऊ शकतो.

आणि वर्षातून एकदा अंगठी कापसाच्या बोळ्यावरून फिरवा. कुठे तंतू अडकला तर कोंदणाचं टोक उचललंय, त्याच दिवशी दुरुस्तीला न्या. भाचीने शेवटी नव्वद सेंटचा घेतला. तिच्या अंगठीत पहिला तंतू अडकला तो दुसऱ्या चवथीला, नेवऱ्या तळून झाल्यावर.