गणिताच्या प्रशाळेत पाऊल ठेवण्याआधी

बी.एस्सी.चा निकाल लागला की आधी कागदांचं काम एका बैठकीत उरकून टाक. सगळी गुणपत्रकं, कॉलेज सोडल्याचा दाखला, दुसऱ्या विद्यापीठातून येत असशील तर मायग्रेशन, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपत आलीय का ते बघून घे. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढ आणि फोनमध्ये स्कॅन ठेव. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर भरायचा असतो आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा बँकेत जाऊन ते जोडलंय का हे जूनमध्येच विचार. क्रेडिट जमा होतात तो एबीसी आयडीही काढून ठेव.

मी हे लिहितेय ते साक्री, शहादा, चोपडा, पारोळा अशा ठिकाणच्या कॉलेजांतून जळगावला, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात गणितात एम.एस्सी. करायला निघालेल्या मुलामुलींसाठी. विद्यापीठ 1990 साली सुरू झालं. ते शहराबाहेर, धुळे रस्त्यावर गिरणेजवळ आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ह्या बाजूच्यांना सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी सोयीची पडते. रोज येऊन-जाऊन करायचं मनात असेल तर एकदा खरोखर करून बघ: सकाळी निघ, तास संपतो त्या वेळेला परत फिर, आणि घरी पोचल्यावर वही उघडायची ताकद उरते का ते तपास. माझी उरत नव्हती. दुसऱ्या सत्रापासून मी वसतिगृहात राहिले आणि अभ्यास तिथून पुढे लागला.

आता गणिताकडे. तास सुरू होण्याआधी धडेच्या धडे वाचून काढायची गरज नाही. रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा ह्या दोन विषयांतल्या व्याख्या मात्र न बघता लिहिता आल्या पाहिजेत. अभिसारी क्रमिकेची व्याख्या लिही, मग तिचा नकार लिही: क्रमिका अमुक संख्येकडे जात नाही म्हणजे नेमकं काय? नकार लिहिता आला तर व्याख्या समजलीय असं मी धरते. वेक्टर स्पेसचा बेसिस म्हणजे काय, हे सांग आणि दोन वेगवेगळी उदाहरणं दे. दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे आणि मूळ संख्या अनंत आहेत, ह्या दोन सिद्धता पूर्ण वाक्यांत लिहून काढ. पदवीला आपण रीत शिकून गणितं सोडवतो. इथे बहुतेक प्रश्नांत ‘सिद्ध करा’ असतं, आणि वाक्यं लिहायची सवय हाताला नसेल तर पहिल्या अंतर्गत परीक्षेत वेळ पुरत नाही.

एक जागा मी थांबून सांगते, कारण बरीच मुलं तिथे अडतात. संतत फल आणि एकसमान संतत फल, दोन्ही व्याख्या शेजारी शेजारी लिही. शब्द जवळपास तेच, बदलतो तो क्रम. एप्सिलॉन, म्हणजे फलाच्या किमतीत चालणारा फरक, दोन्हींत आधी दिलेला असतो. पहिलीत मग बिंदू ठरतो आणि त्याच्यापुरता डेल्टा, म्हणजे बिंदूपासून किती दूर जाता येईल ते अंतर, शोधायचा. दुसरीत बिंदू ठरण्याआधीच डेल्टा द्यायचा आणि तो सगळ्या बिंदूंना पुरला पाहिजे. शून्य आणि एकच्या मधल्या उघड्या अंतरालावर ‘एक भागिले एक्स’ हे फल घे. शून्याच्या जवळ सरकावं तसा डेल्टा आणखी लहान लागतो, सगळ्यांना चालेल असा एकही सापडत नाही. म्हणून हे फल संतत आहे, एकसमान संतत नाही. तेच फल अर्धा ते एक ह्या बंद अंतरालावर घेतलं की डेल्टा मिळतो. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य मी वीस वेळा वाचलं होतं. उलगडा झाला तो गच्चीवर फेऱ्या मारत स्वतःला अहिराणीत सांगताना: समदासले एकच डेल्टा. तेव्हापासून माझ्या व्याख्यांच्या वहीत डाव्या पानावर इंग्रजी व्याख्या आणि उजव्या पानावर घरच्या भाषेत तिचा अर्थ, खाली एक बसणारं उदाहरण आणि एक न बसणारं. अशी दोनशे पानी वही आजच घे. परीक्षेत डावं पान लिहायचं असतं, पण ते उजव्या पानामुळे लक्षात राहतं.

बॅगेत ह्या वहीशिवाय पाठकोरे कागद भरपूर ठेव. चुकलेली सिद्धता पाठकोऱ्या कागदावर बिनधास्त खोडता येते, चांगल्या वहीवर हात आखडतो. कुलूप, पाण्याची बाटली, टोपी हवी. दुपारच्या उन्हात मोकळ्या आवारातून ग्रंथालयापर्यंत चालत जावं लागतं. घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा आणलास तर तिघांना पुरेल एवढा आण, ओळखी डब्यावर लवकर होतात.

पहिल्या आठवड्यात प्रशाळेचा नकाशा तुझा तूच काढ. नोटीस बोर्ड कुठे, ऑफिसात फॉर्म कोण घेतं, कोणत्या सरांची आणि मॅडमची केबिन कुठली, त्यांचे तास कधी, म्हणजे मोकळा वेळ कधी. पीएच.डी. करणाऱ्यांची खोली शोधून काढ आणि तिथे जाऊन नाव, गाव सांग. कुठल्या विषयाला कुठलं पुस्तक सोपं, कुठले सर कुठल्या शाखेत काम करतात, हे त्यांना नेमकं माहीत असतं. शिक्षक कशावर संशोधन करतात ही माहिती आता निरुपयोगी वाटेल, पण नव्या शैक्षणिक धोरणानुसार दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प करावा लागतो आणि मार्गदर्शक निवडताना तीच उपयोगी पडते.

ग्रंथालयात ड्यूई पद्धतीने लावलेल्या पुस्तकांत गणित 510 पासून सुरू होतं: 512 बीजगणित, 514 टोपोलॉजी, 515 ॲनालिसिस, 516 भूमिती, 519 संभाव्यता आणि संख्याशास्त्र. हे आकडे व्याख्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. एका विषयाची तीन पुस्तकं टेबलावर घे आणि एकच प्रमेय तिन्हींत वाच. एकात जी पायरी गाळलेली असते ती दुसऱ्यात सापडते.

आणि शिक्षकांना विचारायला जाणं. ह्याची तयारी सगळ्यात जास्त लागते, कारण आपल्याकडच्या मुलांना इंग्रजीचा आणि केबिनच्या दाराचा संकोच असतो. मी पहिलं सत्र जवळजवळ न बोलता काढलं आणि त्याची किंमत गुणांत मोजली. जाताना अर्ध्या पानावर लिहून ने: प्रमेय कोणतं, मी कुठपर्यंत आले, कोणत्या ओळीवर थांबले. “सर, हा धडा कळला नाही,” म्हटलं तर सरांनाही कुठून सुरुवात करावी हे कळत नाही. “सर, तिसऱ्या ओळीत हा संच कॉम्पॅक्ट आहे हे कुठून आलं?” असं विचारलं तर पाच मिनिटांत उत्तर मिळतं, आणि खूपदा कागद लिहिता लिहिताच ते आपलं आपल्याला सुचतं. प्रश्न मराठीत विचारला तरी चालतो.

गणित ही पुण्या-मुंबईची गोष्ट, आपण तिथे उसने आलोत, असं कधी वाटलं तर चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख आठव. तो शके 1128 चा आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके 1036, म्हणजे 1114 सालचा. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, असं त्यात कोरलंय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. त्यातला शेवटचा मजकूर त्या काळच्या मराठीत आहे: बाजारातल्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला द्यावं, आणि दर घाण्यामागे पळी पळी तेल द्यावं. आपल्याच भागातल्या तेल्यांच्या घाण्यांतून गणिताच्या शाळेला तेल जात होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

परीक्षांचं वेळापत्रक पहिल्या सत्रातच भिंतीवर लाव. सीएसआयआर नेट, म्हणजे संशोधनवृत्तीची आणि कॉलेजात शिकवण्याच्या पात्रतेची परीक्षा, वर्षातून दोनदा असते, जून आणि डिसेंबरच्या सत्रासाठी, आणि दुसऱ्या वर्षात असतानाच अर्ज करता येतो. गणिताच्या पेपरात भाग ‘क’मध्ये एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात. सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण, चुकीसाठी वजावट नाही. तिथे व्याख्यांची वही आणि न बसणारी उदाहरणं कामाला येतात. सेट, ही राज्यपातळीवरची शिकवण्याच्या पात्रतेची परीक्षा, महाराष्ट्र-गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. उन्हाळ्यात एमटीटीएस नावाचं गणिताचं शिबिर असतं, 1993 पासून चालू आहे. त्याचा अर्ज चुकवू नकोस. लाटेकमध्ये, म्हणजे गणिती मजकूर टाइप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक पान टाइप करायला दुसऱ्या सत्रात शीक, प्रकल्पाच्या वेळी रात्री जागाव्या लागणार नाहीत.

पहिल्या तासाला दुसऱ्या बाकावर बस. तिथून फळ्यावरचे खालचे निर्देशांक नीट दिसतात, आणि एप्सिलॉनच्या शेजारी एन लिहिलंय की एम, हे मागे वळून कुणाला विचारावं लागत नाही.