पिकअपला जादा रिव्हर्स लाइट: रिले लावूनच जोडा

पहाटे तीनला टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप बांधावरून मागे घेताना कंपनीच्या दिव्यांचा उजेड हातभर अंतरावरच संपतो. मागे हमाल उभा आहे की एखादं पोर, आरशात काही कळत नाही. त्यामुळे जादा दिवे जरूर लावा. फक्त रिव्हर्स लाइटची वायर सोलून त्यावरच दोन एलईडी पिळून बसवू नका. अशी एक जोडणी मी पावसाळ्यानंतर उघडली होती. चिकटपट्टीखाली तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या, बोट लावलं की भुगा होत होता.

आधी हिशेब करा. १८ वॅटचे दोन दिवे म्हणजे ३६ वॅट, १२ व्होल्टला ३ अँपिअर. मूळचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो आणि गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच, वायर, फ्यूज सगळं त्याच बेताने दिलेलं असतं. म्हणून मूळ वायरने फक्त इशारा द्यायचा, नव्या दिव्यांचा भार रिलेने उचलायचा. रिले म्हणजे थोड्याशा करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.

सामान: १२ व्होल्टचा चार पिनांचा रिले, फ्यूज होल्डर, साडेसात अँपिअरचा फ्यूज, दीड स्क्वेअर एमएमची गाडीची वायर, इशाऱ्यासाठी पाऊण स्क्वेअर एमएमची, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की सांध्यावर आवळून बसणारी नळी) आणि वायरवर चढवायची नालीदार पाइप. घरगुती वायर वापरू नका, गाडीतली उष्णता आणि डिझेल तिला सोसत नाही.

चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन बंद, चावी ऑन, गिअर रिव्हर्समध्ये. मागच्या दिव्याच्या कनेक्टरवर मल्टिमीटर धरून कोणत्या वायरीत १२ व्होल्ट येतात ते पाहा. न्यूट्रलला ते गेले पाहिजेत आणि ब्रेक, इंडिकेटर, पार्किंग लाइट लावूनही येता कामा नयेत. वायरच्या रंगावर भरवसा ठेवू नका. खूण केली की बॅटरीची निगेटिव्ह काढा, मगच पाना-पक्कड हातात घ्या.

रिले बॅटरीजवळ, उंचावर, पिना खाली करून बसवा म्हणजे पाणी साचत नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून ३० नंबरच्या पिनेला वायर, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. ही वीतभर जागा फार मोलाची आहे. पुढे कुठेही वायर घासून चेसिसला टेकली तर फ्यूज उडेल, पण फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कोणीही वाचवत नाही. ८७ वरून दिव्यांकडे, ८६ ला रिव्हर्सचा इशारा, ८५ अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. रिलेत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर ८५-८६ ची अदलाबदल चालत नाही.

वायर चेसिसच्या आतल्या अंगाने न्या. सायलेन्सर, डिझेल पाइप, प्रोपेलर शाफ्ट आणि हलणारे पाटे यांपासून लांब ठेवा. जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी कडी, हवाच. अर्थसाठी रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, थिंबल बोल्टने आवळा, वरून ग्रीस लावा.

दिवे फाळक्यावर बसवू नका. माल उतरवायला फाळका पाडला की उजेड जमिनीत जातो आणि वायर रोज मोडते. हौद्याखालच्या आडव्या पट्टीवर लावा, तोंड थोडं खाली, उजेड चार-पाच मीटरवर जमिनीवर पडेल असं. दिवे पांढरेच हवेत, आणि फक्त रिव्हर्स गिअरमध्ये लागणारे. वेगळं बटण देऊन चालत्या गाडीत ते लावले तर मागच्याचे डोळे दिपतात आणि नियमातही ते बसत नाही.

निगेटिव्ह परत जोडा. इंजिन बंद ठेवून रिव्हर्समध्ये दहा मिनिटं दिवे चालू राहू द्या, मग फ्यूज होल्डर आणि प्रत्येक सांध्यावर बोट ठेवा. एखादा सांधा चटका देत असेल तर तो कापून नव्याने करा.